एफएएचं सीपीएल आहे, तरी ईएलपी आणि आरटीआर परत काढायचंच का?

उडता_सातारकर:
मंडळी, मदत हवीये. फ्लोरिडातून सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, करून मागच्या महिन्यात घरी आलोय, आता डीजीसीएचं, म्हणजे आपल्याकडच्या विमान खात्याचं, कन्व्हर्जन करायचंय (ते लायसन्स इथे चालेल असं करून घ्यायचंय). नेव्हिगेशन, मेटचा (हवामानाचा) अभ्यास चाललाय पण गाडी अडलीये ती रेडिओपाशी. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याच्या, लायसन्सवर चक्क 'इंग्लिश प्रोफिशियंट' छापलंय, दीड वर्ष तिथल्या टॉवरशी बोललोय, तरी इथे म्हणतात ईएलपीची, म्हणजे इंग्रजीची, लेव्हल दाखव आणि वर आरटीआर, म्हणजे रेडिओचा परवाना, पण काढ. आई म्हणते एवढं इंग्रजी बोलून आलास मग परीक्षा कसली, आणि खरं सांगू तर मलाही तेच वाटतंय.

कोल्हापुरी_कॉकपिट:
भावा, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. ईएलपी म्हणजे तुझं इंग्रजी. आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची) पट्टी १ ते ६, किमान ४ लागते, आणि उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद या सहांत जिथे सगळ्यात कमी तीच तुझी लेव्हल, सरासरी बिरासरी नाही. एफएए आकडा लिहितच नाही, तिथेच घोळ.
आरटीआर म्हणजे रेडिओ चालवायचा परवाना. अमेरिकेत देशांतर्गत उडायला १९९६ पासून तो लागतच नाही, त्यामुळे तुझ्याकडे दाखवायला काही नसणारच. आपल्याकडे आधी दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी ही शाखा परीक्षा घ्यायची, १ जानेवारी २०२५ ला भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि ते काम डीजीसीएकडे आलं. सीनियरच्या जुन्या नोट्स बघून अर्ज भरू नको म्हणजे झालं.

निवांत_नायनर:
मी तिकडूनच आलेलो आणि आरटीआरच्या तोंडी परीक्षेत पहिल्यांदा आपटलो 😅 इंग्रजीमुळे नाही, सवयीमुळे. फ्रिक्वेन्सी सांगताना 'पॉइंट' निघालं, इथे 'डेसिमल'. प्रेशर सांगताना तोंडात 'टू नायनर नायनर टू' (२९९२), इथे क्यूएनएच (दाबाचा आकडा) 'वन झिरो वन ट्री' (१०१३, रेडिओवर 'थ्री'चं 'ट्री'). मेडेमध्ये (जीवघेण्या संकटाच्या हाकेत) तर इंजिन गेलं एवढं सांगून गप्प बसलो, काय करणार, कुठे आहे, विमानात किती माणसं, सगळं राहिलं. मग बहिणीला कंट्रोलर केलं, ती पोळ्या लाटता लाटता मधेच 'रेडिओ फेल' ओरडायची आणि मी ७६०० (रेडिओ बंद पडल्याचा कोड) म्हणायचो, मग ती विचारायची टॉवरवरून स्थिर हिरवा दिवा दिसला तर? उतरायची परवानगी. लाल लुकलुकला तर? उतरू नको. दुसऱ्या खेपेला निघालं.

टॉवरवाली_ताई:
चिडचिड समजते रे, पण चरखी दादरी आठव. १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं ७४७ आणि कझाक आयएल-७६ ही विमानं हवेतच धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फूट सांगितलेलं, ते त्याच्याही खाली आलं, आणि चौकशीत त्या क्रूच्या कच्च्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं. वाक्य कळलं नसेल तर 'से अगेन' म्हण. मुलं लाजेपोटी 'रॉजर' (सगळं ऐकलं) म्हणून मोकळी होतात, त्याची मला जास्त भीती वाटते.

उडता_सातारकर:
ताई, 'रॉजर'चं अगदी वर्मावर बोट ठेवलंत. ईएलपीची तारीख आधी बघतो. आणि नायनर दादा, बहीण नाहीये मला, आईलाच बसवतो समोर, तिने आत्ताच विचारलंय 'ट्री' म्हणजे झाड का 😄