‘दिसलाच नाही ओ’ : दुचाकीवर असताना इतरांना दिसावं म्हणून तुम्ही काय करता?

दोन वर्षांपूर्वीची कार्तिकातली एक संध्याकाळ. खानापूर रस्त्यानं पिरनवाडीच्या पुढं चाललो होतो आणि समोरून येणारा मालाचा टेम्पो थेट माझ्या पुढ्यात उजवीकडं वळला. ब्रेक लागेपर्यंत मी त्याच्या दारावर आदळलो होतो. खांद्याजवळचं हाड मोडलं. ड्रायव्हर पळून गेला नाही. त्यानंच मला उचलून कडेला बसवलं, पाणी पाजलं आणि थरथरत एकच वाक्य म्हणत राहिला, “काणलिल्ल री, देवराणे काणलिल्ल.” दिसला नाहीत हो, देवाशपथ दिसला नाहीत.

त्या रात्री दवाखान्यात मला त्याचा भयंकर राग आला होता. माझा दिवा लागलेला, रस्ता सरळ, आणि म्हणे दिसला नाही! पण पुढचे दोन महिने हात गळ्यात अडकवून घरी बसलो, या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि हळूहळू पटलं की तो खोटं बोलत नव्हता. समोरून येणारी दुचाकी म्हणजे एक उभी रेघ. ती सरळ आपल्याच दिशेनं येत असली की तिची हालचाल डोळ्याला कळत नाही, नुसता आकार वाढत जातो. मोटारीपेक्षा अरुंद असल्यानं ती आहे त्याहून लांब आणि सावकाश वाटते. अंधारात तर एकच दिवा, त्यामुळं अंतराचा अंदाज घ्यायला दोन दिव्यांमधली फटही नसते. ताशी ६० किलोमीटरनं जाताना आपण सेकंदाला १६-१७ मीटर पुढं सरकतो. वळणाऱ्यानं एकदा बघितलं, मान फिरवली आणि दोन सेकंदांनी गाडी घातली, तर तेवढ्यात आपण ३३ मीटर जवळ आलेलो असतो.

१ एप्रिल २०१७ पासून आलेल्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. माझाही लागलेलाच होता. म्हणून हा धागा. दिसण्यासाठी तुम्ही काय केलंत, कशाचा उपयोग झाला, कशाचा झाला नाही, ते लिहा. मोटार, बस, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी तर जरूर लिहा. काचेच्या आतून आम्ही कसे दिसतो, हे आम्हाला कोण सांगणार?

उचगावचा दूधवाला

मी रोज पहाटे साडेचारला निघतोय. उचगावासनं बेळगावात दूध घालायचं. मागं दोन्ही बाजूंना दोन मोठे क्यान, मधी सीटवर एक लहान. १५ वर्षं मला ठाऊकच न्हवतं की माझी मागची लाल लाईट कुणाला दिसतच नाही. इंडिकेटर पण क्याननं झाकलेले. कळलं कसं? हिंडलग्याजवळ एका कारवाल्यानं माझ्या मागं कचकन ब्रेक मारला. खाली उतरून म्हणाला, “मामा, तुमच्या गाडीला मागं काहीच नाही, मला नुसता अंधार हलताना दिसला.” मी म्हटलं, लाईट लागलेली हाय की! तर त्यानं मला आपल्या सीटवर बसवलं आणि त्याच्या हेडलाईटच्या उजेडात माझी गाडी दाखवली. खरंच, दिसायलाच नाही. अंगावर घोंगडीच्या रंगाचं स्वेटर, गाडी काळी, क्यान काळवंडलेले.

दुसऱ्या दिवशी रेडियमवाल्याकडनं लाल पट्टी आणून क्यानच्या मागच्या अंगाला आडवी चिकटवली. मेस्त्रीकडनं लोखंडी पट्टी जोडून इंडिकेटर आणि मागची लाईट क्यानच्या बाहेर काढून घेतली. आणखी एक ध्यानात आलं. क्यान भरले की मागचं बसतंय आणि पुढचा फोकस वर जातोय. समोरचे लोक माझ्यावर डिप्पर मारायचे, मला वाटायचं उगीच मारायलेत, माझी लाईट तर खालीच हाय. पण ती त्यांच्या डोळ्यात जायलीती. मग भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून फोकस खाली करून घेतला. येताना गाडी रिकामी, उजेड जरा जवळ पडतोय. पण तवर दिवस उगवलेला असतोय.

जांबोटीकडची शिक्षिका

माझी शाळा जांबोटीच्या पलीकडं. जूनपासून निदान चार महिने अंगात रेनकोट. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, दुपारी तीनलाही संध्याकाळ झाल्यासारखं असतं. मी काळा रेनकोट घेतला होता, चिखल उडाला तरी दिसत नाही म्हणून. आता वाटतं, चिखल दिसू नये म्हणून मीच दिसेनाशी झाले होते.

आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई माझ्या मागं बसायच्या. त्यांचा रेनकोट लांब होता. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील सायकलवरून येऊन म्हणाले, “बाई, तुमच्या ॲक्टिव्हाच्या लाल दिव्यावर कोट लोंबतोय, ब्रेक मारला तरी कळत नाही.” पाऊस होता म्हणून आम्ही कधी मागं वळून बघितलंच नव्हतं. आता दोघींनी पिवळे, आखूड जाकीट-पँटचे रेनकोट घेतलेत. बसताना मागचा भाग सीटखाली दाबायचा, हा आमचा नियम. साडीचा पदर आणि ओढणीही तशीच बघून घ्या, चाकात जाण्याचा धोका तर आहेच.

निवृत्त बसचालक

मी ३३ वर्षं बस चालवली. दिसत नाही म्हणजे काय होतं, ते सांगतो. पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना खांब असतो. तिठ्यावर मी एका बाजूनं येतोय, दुचाकी दुसऱ्या बाजूनं येतेय आणि दोघांचा वेग असा जुळला की ती गाडी खांबाआडून बाहेर पडतच नाही. मी बघितलंय, रस्ता मोकळा दिसलाय, आणि दुचाकी तिथंच आहे. यात दुचाकीवाल्याची चूक नाही, माझीही नजर चुकलेली नाही. म्हणून मी तिठ्यावर बसल्या जागी पुढं वाकून, मागं रेलून दोनदा बघायची सवय लावून घेतली. नवीन पोरांनाही तेच शिकवलं.

दुचाकीवाल्यांना माझं सांगणं वेगळं आहे. तिठ्याजवळ येताना आपल्याच बाजूच्या रस्त्यात गाडी थोडी डावीकडून उजवीकडं सरकवा. झोकांड्या नकोत, हातभर पुरे. सरळ येणाऱ्या दिव्याकडं लक्ष जात नाही, बाजूला हललेल्या दिव्याकडं जातं. मी स्वतः याच्यामुळं दोन-तीनदा थांबलोय.

बसच्या मागून येताना माझ्या आरशात बघा. आरशात माझं तोंड दिसत नसेल, तर मलाही तुम्ही दिसत नाही. डाव्या बाजूनं घुसणारे तर बसच्या दारापाशी पूर्ण गायब होतात. आणि डोळ्याला डोळा भिडला म्हणून फसू नका. माणूस तुमच्याकडं बघत असतो आणि मनात कंडक्टरच्या घंटीचा विचार करत असतो. पुढचं चाक वळायला लागलं का, ते बघा.

सकाळी ऊन समोरून येत असताना काचेवर धूळ असेल, तर तुमचा दिवा त्या उजेडात विरघळून जातो. तुमची सावली तुमच्या पुढं लांब पडली असेल, तर समोरच्याच्या डोळ्यात ऊन आहे असं समजा.

निपाणीकर

मी तवंदी घाटातून रोज जातो. जास्त दिसावं म्हणून पांढरा एलईडी बल्ब टाकला होता. हॅलोजनसाठी केलेल्या वाटीत तो बसवला की उजेड कुठंही फाकतो. समोरचा आंधळा होतो, आणि आंधळ्याला मी काय दिसणार? काढून टाकला.

धागाकर्ता

निपाणीकरांचं अगदी पटलं. लाल-निळे लुकलुकणारे दिवे लावणाऱ्यांनीही विचार करावा.

बसचालक काका, तुमचं सगळं मी वहीत उतरवून घेतलं. हेल्मेटच्या रंगाबद्दल एक सांगतो. न्यूझीलंडच्या ऑकलंड भागात झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्या चालकांना अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी आढळला, आणि काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्के कमी. तिथले रस्ते वेगळे, वाहतूक वेगळी, हे मान्य. तरी मी काळं हेल्मेट बदललं. तसंही पडलेलं हेल्मेट परत वापरू नये.

उद्यमबागेतला कामगार

फौंड्रीत रात्रपाळी असते. कंपनीनं दिलेलं पोपटी जाकीट घालूनच मी घरी जायचो आणि बिनधास्त असायचो. एकदा मित्र म्हणाला, “रात्री तुझं जाकीट मळकट राखाडी दिसतं, नुसत्या पट्ट्या चमकतात.” मग कळलं की त्या पोपटी रंगाचं काम दिवसाचं. उन्हातली अतिनील किरणं शोषून तो झळकतो. रात्री ती किरणं नाहीत, म्हणून झळाळीही नाही. रात्री काम करते ती चंदेरी पट्टी. तिच्यात बारीक काचेचे मणी असतात, ते समोरच्या दिव्याचा उजेड परत त्याच्याकडंच फेकतात. माझ्या जाकिटाच्या पट्ट्या धुऊन धुऊन सोललेल्या होत्या, आणि पाठीवर डब्याची सॅक. म्हणजे मागच्याला काहीच दिसत नव्हतं! आता पट्टी सॅकवर शिवलीय आणि दोन्ही मनगटांवर बांधलीय. हात दाखवून वळताना ती हलते, ते फार उपयोगी पडतं.

हुक्केरीकडचा ट्रॅक्टरवाला

ऊस सुरू झाला की सगळे आम्हाला शिव्या घालतात, त्यात खरंही आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीची लाईट वायर तुटून बंद. रेडियम लावलेलं असतं, पण शेतातनं बाहेर पडताना चिखल उडतो आणि वरनं उसाची वाडं लोंबतात. मी आता रस्त्याला लागायच्या आधी ओल्या पोत्यानं पट्टी पुसतो आणि लोंबणारी वाडं कोयत्यानं छाटतो. पाच मिनिटांचं काम आहे, सगळ्यांनी करावं.

दुचाकीवाल्यांनी एवढं करावं. ट्रॉलीला चिकटून चालू नका. उसाच्या मागं असताना समोरच्याला तुम्ही अजिबात दिसत नाही, आणि ओव्हरटेकला एकदम बाहेर पडलात की तो दचकतो. लांबूनच बाहेर डोकवा, डिप्पर द्या, मग निघा.

चोर्ल्याचा प्रवासी

धुक्यात अप्पर लावू नका, पुढं पांढरी भिंत उभी राहते. आणि चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवू नका, वळणार कुठं ते मागच्याला कळत नाही. मी घाटात खाली उतरताना इंजिनानं गाडी आवरतो, पण तेव्हा स्टॉप लाईट लागत नाही. म्हणून ब्रेकला बोट हलकं टेकवून मागच्याला दोनदा लाल दाखवतो.

उचगावचा दूधवाला

फौंड्रीवाले दादा, क्यानवर लावलेली माझी पट्टी आठ दिवसांत सुटून लोंबायली. रोज धुवायचे क्यान. काय करू?

उद्यमबागेतला कामगार

मामा, दुधाचा तेलकटपणा राहिला की डिंक धरत नाही. क्यान गरम पाण्यानं सोडा घालून धुवा, पूर्ण वाळू द्या, उन्हात जरा तापवा आणि मग लावा. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल कापा, टोकदार कोपराच आधी सुटतो. आणि क्यानला नका लावू, क्यान ज्या लोखंडी कड्यात बसतो त्या कड्याला लावा. ते रोज धुवावं लागत नाही.