मूस, बायसन आणि अस्वलासाठी .४५-७० ची लिव्हर रायफल: योग्य हत्यार की नुसता हट्ट?

देवराई
चर्चा अलास्कातल्या शिकारीची आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून हा विषय मिटलेला आहे, त्यामुळे प्रश्न तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपुरताच. माझं मत स्पष्ट आहे. आल्डर आणि विलोच्या गचपणात, दीडशे यार्डांच्या आत मूस (हरणकुळातलं सर्वांत मोठं जनावर) घ्यायचा असेल तर मार्लिन १८९५ सारख्या .४५-७० लिव्हर रायफलला तोड नाही. .४५-७० हे काडतुसाचं नाव, आणि लिव्हर म्हणजे चापाखालचा दांडा, तो खाली-वर केला की पुढचं काडतूस चढतं. वजन सव्वासात पौंडांच्या आसपास, नळी एकोणीस इंची, आणि दस्ता खांद्यावरून न हलवता दुसरा बार टाकता येतो. चारशे ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूच्या वजनाचं माप, साडेपंधरा म्हणजे एक ग्रॅम) वरची, सपाट नाकाची, कडक शिशाची गोळी सेकंदाला १,८०० फुटांनी सुटली की खांद्याचं हाड फोडून पलीकडे निघते. दोन्ही बाजूंनी भोक पडलं की रक्ताचा माग ठळक मिळतो आणि मांसही कमी नासतं.

बोल्ट_बरा
देवराई, तुम्ही वर्णन केलेलं काडतूस दुकानातल्या साध्या खोक्यात नसतं, मतभेद तिथूनच सुरू होतो. मोठ्या कंपन्यांचा पारंपरिक ४०५ ग्रेनचा बार सेकंदाला १,३३० फुटांचा. नळीच्या तोंडाशी ऊर्जा जेमतेम १,५९० फूट-पाउंड (गोळीच्या माऱ्याचं माप), शंभर यार्डांवर बाराशेच्या आसपास. अलास्कात बायसनसाठी नियम असा की गोळी किमान २०० ग्रेनची हवी आणि शंभर यार्डांवर तिच्यात २,००० फूट-पाउंड उरायला हवेत. म्हणजे हे काडतूस बायसनला कायद्यानेच बाद.

कारण जुनं आहे. .४५-७० हे १८७३ चं लष्करी काडतूस, ७० ग्रेन काळ्या दारूचं. त्या काळच्या स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर रायफली अजून लोकांच्या घरात आहेत आणि बार होताना नळीची मागची बाजू बंद धरणारी त्यांची कुलपं कमजोर आहेत. म्हणून दाबाची मर्यादा २८,००० पीएसआयवर (चौरस इंचाला पौंड) बांधलेली आहे.

देवराई
मान्य, पण तेवढ्यावरून रायफल बाद होत नाही. हॉर्नाडीचं ३२५ ग्रेनचं, मऊ टोकाचं काडतूस सेकंदाला २,०५० फुटांनी सुटतं आणि शंभर यार्डांवर त्यात २,१५८ फूट-पाउंड उरतात. नियमात बसतं. शिवाय छोट्या कंपन्यांची, फक्त मजबूत रायफलींसाठी भरलेली जड काडतुसं मिळतात. खोक्यावर ट्रॅपडोअरसाठी मनाई लिहिलेली असते, ती वाचायची.

दारूगोळा
घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात.

भरणीच्या पुस्तकांत .४५-७० चे तीन वेगळे तक्ते असतात: ट्रॅपडोअर, मार्लिन १८९५ सारख्या लिव्हर रायफली, आणि रुगर नंबर १ ही जास्त दाब सोसणारी एकबारी रायफल. तिसऱ्या तक्त्यातला आकडा मार्लिनमध्ये कधीही वापरू नये.

या रायफलींचं मॅगझिन नळीचं असतं, काडतुसं एकामागे एक झोपतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) टेकतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर धक्क्याने मॅगझिनच्या नळीतच बार होऊ शकतो, म्हणून नाक सपाट किंवा टोक मऊ. त्याच धक्क्याने गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) मागे सरकते आणि दाब वाढतो. त्यामुळे गोळीवरच्या खाचेत केसचं तोंड घट्ट क्रिंप करायलाच, म्हणजे आत दाबून आवळायलाच हवं. पूर्ण काडतुसाची लांबी २.५५ इंचांच्या पुढे गेली की काडतूस लिफ्टरवर (त्याला मॅगझिनमधून वर उचलणाऱ्या पट्टीवर) अडकतं. आणखी एक: हॉर्नाडीच्या त्या मऊ टोकाच्या काडतुसांच्या केस नेहमीच्या २.१०५ ऐवजी सुमारे २.०४ इंचांच्या असतात. त्या इतर केसमध्ये मिसळल्या की एकाच सेटिंगवर क्रिंप काही ठिकाणी बसतो, काही ठिकाणी बसतच नाही.

गोळीच्या निवडीबाबत मी देवराईंच्या बाजूने आहे, पण एक अट घालून. ३०० ग्रेनची पोकळ टोकाची गोळी हरणासाठी बनवलेली असते. ती मूसच्या खांद्यावर फुटून वरवरची जखम करते आणि जनावर जखमी होऊन निघून जातं. चारशेच्या वरची कडक गोळी नसेल, तर ही रायफल मोठ्या जनावरावर रोखूच नये.

बोल्ट_बरा
मग अंतराचं बोला. ३२५ ग्रेनच्या त्या वेगवान काडतुसाने शंभर यार्डांवर नेम बांधला तर दोनशेवर गोळी दहा इंच खाली जाते. जुन्या ४०५ ची तर दोन फूट. बोल्ट रायफलींतल्या .३०-०६ काडतुसात १८० ग्रेनची गोळी दोनशेवर बांधा, तीनशेवर आठ-नऊ इंचांचाच फरक. नदीच्या वाळूच्या पट्ट्यावर उभ्या मूसचं अंतर चुकणं सहज शक्य आहे आणि दर वेळी रेंजफाइंडर लावायला सवड नसते.

जड गोळी झुडपांतून सरळ जाते हा समजही सोडा. फांदीला लागली की जड असो वा हलकी, वळतेच. धक्क्याचं म्हणाल तर जड काडतुसांचा चाळीस फूट-पाउंडांच्या घरात जातो, .३०-०६ च्या जवळपास दुप्पट. त्याला दचकून चाप झटकणारा माणूस पोटात गोळी घालतो. अमेरिकन वनखात्याने १९८३ मध्ये अस्वलांपासून संरक्षणासाठी जवळच्या अंतरावर गोळ्यांची चाचणी घेतली होती. तिच्यात २२० ग्रेनच्या गोळीसह साधी .३०-०६ चांगली टिकली.

खारवी
दोघांनी बिघाडाचं नाव काढलं नाही. जुन्या मार्लिनमध्ये लिव्हरची धार लिफ्टरला खाऊन खाच पाडते. मग दुसरं काडतूस लिफ्टरखाली घुसतं आणि लिव्हर ना उघडते ना मिटते. लिव्हरचा स्क्रू काढून बोल्ट बाहेर ओढल्याशिवाय सुटका नाही. म्हणून योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर खिशात हवा, आणि ती धार आधीच बारीक दगडाने गोल करून घ्यावी. लिव्हर अर्धवट मारली तर रिकामी केस बाहेर पडत नाही, किंवा नळीत काडतूस न जाताच बोल्ट मिटतो. घोड्याजवळचं आडवं सेफ्टी बटण विसरलं तर चाप ओढल्यावर घोडा पडतो पण बार होत नाही. थंडीत जाड तेल गोठतं, बोल्ट जवळजवळ कोरडाच ठेवावा.

नवखा_सिएटल
एच-वन-बीवर असताना रायफल घेता येते का?

खारवी
केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावर बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे. अपवादांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो आधी काढा, राज्याचे नियम वेगळे तपासा. आणि तपकिरी अस्वलासाठी अलास्काबाहेरच्या अमेरिकन नागरिकाला परवानाधारक गाइड किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतोच; तुमच्यासारख्या परदेशी नागरिकाला मात्र मूससह कोणत्याही मोठ्या जनावरासाठी गाइडच लागतो.

देवराई
बोल्ट_बरा, वाळूच्या पट्ट्यासाठी तुमची .३०-०६ बरी, हे मी मान्य करतो. गचपणाबाबत मात्र मत बदलत नाही. मूस गोळी लागल्यावरही बरेचदा जागेवर उभा राहतो आणि मग पाण्याकडे चालू लागतो. सोळाशे पौंडांचा नर पाण्यात पडला तर पाचशे पौंड मांस थंड पाण्यात उभं राहून कापावं लागतं. पहिल्या बारानंतर दोन सेकंदांत दुसरा टाकायचा तो याचसाठी.

बोल्ट_बरा
दुसरा बार बोल्ट रायफलनेही टाकता येतो, बोल्ट फिरवताना गाल दस्त्यावर टेकलेला ठेवण्याचा सराव हवा. पाण्यापासून पन्नास यार्डांच्या आत उभ्या मूसवर मी कोणत्याच रायफलने बार टाका म्हणणार नाही.