'हात मोकळे सोडा' म्हणणाऱ्यांना एक सरळ प्रश्न: मारून हाती काय लागलं?

कोर्टाबाहेरचा
काल आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांतले 12 जण जुलै 2025 मध्ये हायकोर्टातून सुटले, त्यावर. मजकूर असा: 'मानवाधिकारवाल्यांनी सोडवले. पोलिसांचे हात मोकळे सोडा, दोन दिवसांत पोपटासारखे बोलतील. अतिरेक्याला कसला आलाय मानवाधिकार?' खाली अंगठ्यांची रांग लागलेली, त्यात माझे अशीलसुद्धा. चीड आली म्हणून सविस्तर लिहितोय.

हात बांधलेले होते हे सांगितलं कुणी? त्या खटल्यात मोक्का होता, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा. मोक्कात 30 दिवसांपर्यंत पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मिळते. साध्या खटल्यात पोलिसासमोरच्या कबुलीला किंमत नसते, मोक्कात डीसीपीसमोरचा (पोलीस उपायुक्तासमोरचा) कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. याहून मोकळे हात कुठे असतात? आणि निष्पन्न काय झालं? हायकोर्ट म्हणालं की कबुलीजबाब छळ करून घेतलेले दिसतात, त्यातले काही भाग एकावरून दुसरा उतरवल्यासारखे आहेत, आणि बॉम्ब कुठल्या प्रकारचे होते हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. 180 च्या वर माणसं गेली आणि बॉम्ब कसला होता तेच रेकॉर्डवर नाही! सुप्रीम कोर्टानं पुढे एवढंच केलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

आणखी एक. एटीएसनं (दहशतवादविरोधी पथकानं) हे लोक आत टाकल्यावर 2008 साली मुंबईच्याच क्राइम ब्रँचनं इंडियन मुजाहिदीनची माणसं धरली. त्यातल्या एकानं पोलिसांना सांगितलं, लोकलचे स्फोट आम्ही केले. नंतर तोही फिरला. म्हणजे एकाच गुन्ह्याच्या दोन कबुल्या, दोन वेगळ्या टोळ्यांच्या. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. कुणाला तरी मारून खोटं वदवून घेतलं आणि खरे आरोपी त्या वेळात निसटले. माझा राग त्याचा आहे.

विजापूर वेस
वकीलसाहेब, तुम्ही फी घेऊन बोलता, मी भोगून बोलतो. माझा मामेभाऊ त्या दिवशी माहीमला फर्स्ट क्लासमध्ये होता. जिवंत आहे, पण डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि दिवाळीत घराबाहेर पडत नाही. फटाका वाजला की मोरीत जाऊन बसतो, पन्नाशीचा माणूस. त्याचा मानवाधिकार कुठल्या कलमात बसतो ते सांगा.

आणि समजा, बॉम्ब लावलाय, तासाभरात फुटणार आहे, लावणारा ताब्यात आहे. तुम्ही त्याला चहा पाजणार का?

कोर्टाबाहेरचा
तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटतं, म्हणूनच सांगतो. स्फोट 11 जुलैला झाले. कबुलीजबाब नोंदवले ऑक्टोबरमध्ये. कुठला तास आणि कुठला बॉम्ब? ज्या खटल्यांत मारहाण होते तिथे सगळं होऊन गेलेलं असतं आणि वरून विचारणा चालू असते की आरोपी कधी दाखवताय. अमेरिकेनं हेच केलं. अल-लिबी नावाच्या माणसाला इजिप्तमध्ये नेऊन छळलं, तो म्हणाला सद्दाम अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं शिक्षण देतो. फेब्रुवारी 2003 मध्ये तेच संयुक्त राष्ट्रांत पुरावा म्हणून मांडलं आणि पुढच्या महिन्यात इराकवर युद्ध लादलं. नंतर तो म्हणाला, मार थांबावा म्हणून सांगितलं होतं.

शिवभक्त_जुळे सोलापूर
मालेगाव स्फोटाच्या केसमध्ये साध्वी प्रज्ञासिंहांना मारहाण झाली तेव्हा हे सगळे मानवाधिकारवाले कुठे होते? तेव्हा तोंडं शिवली होती का?

कोर्टाबाहेरचा
मी तेव्हाही हेच म्हणत होतो. त्यांनी छळाची तक्रार केली होती, तिची नीट चौकशी व्हायलाच हवी होती. 31 जुलै 2025 ला त्या खटल्यातले सातही जण सुटले. आता तुम्ही सांगा, दादा. 'दोन दिवस ताब्यात द्या' हा नियम तुम्हाला हवाय, तर त्यांच्यासाठीही हवाय का?

शिवभक्त_जुळे सोलापूर
तुलनाच चुकीची आहे. पण ठीक आहे, त्यांच्या बाबतीत झालं ते चुकीचंच झालं, एवढं लिहून ठेवा.

कोर्टाबाहेरचा
ठेवलं. पण मारताना पोलिसाला कळत नसतं समोरचा खरा की खोटा. कळलं असतं तर मारायची गरजच नव्हती.

विजापूर वेस
मग कसाब? त्याला जेलमध्ये बिर्याणी घातली की ओ तुम्ही लोकांनी!

कोर्टाबाहेरचा
बिर्याणी कुणी घातली नाही. सरकारी वकिलांनीच 2015 मध्ये सांगितलं की ती गोष्ट त्यांनी रचली होती. कसाबचंच उदाहरण घ्या. तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी धरून ठेवली, स्वतः गेले आणि तो जिवंत हाती लागला. त्याचा कबुलीजबाब मॅजिस्ट्रेटसमोर झाला, त्याला वकील दिला, सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2012 मध्ये प्रत्येक मुद्दा तपासून फाशी कायम केली. आपल्याच सोलापूरचे शिंदे साहेब तेव्हा गृहमंत्री होते. 21 नोव्हेंबरला येरवड्यात फाशी झाली. सगळं कायद्यानं, चार वर्षांत. कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

बाळीवेस
येरवडा म्हटलं म्हणून आठवलं. आपले चार हुतात्मेही तिथेच फासावर गेले. धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931. पोलीस मारल्याचा आरोप होता. मार्शल लॉच्या दिवसांतली धरपकड होती, साक्षी कशा गोळा केल्या असतील...

विजापूर वेस
थांबा! कसाबचं आणि हुतात्म्यांचं नाव एका धाग्यात घेताय? लाज वाटत नाही? ॲडमिन, हे काढा नाहीतर मी ग्रुप सोडतो.

बाळीवेस
मी तुलना केली नाही, अण्णा. दरवर्षी त्या चौकात हार घालायला मीही असतो. सरकारनं 'हा गुन्हेगार' म्हटलं की माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे निदान सोलापूरकराला तरी सांगावं लागू नये.

सेटलमेंटची लेक
इतका वेळ वाचत होते. अतिरेकी, कसाब, अमेरिका. मार कुणाला बसतो ते मी सांगते.

माझी आजी तारेच्या कुंपणाच्या आत जन्मली. आमच्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा 1952 ला गेला, आम्ही 'विमुक्त' झालो, पण चौकीतल्या वहीतून नावं गेली नाहीत. मी सातवीत असताना वडिलांना उचललं. घरफोडी झाली होती. पाच दिवसांनी आले ते टाचा टेकवून, पावलं वर धरून. तळवे काळेनिळे, सुजून कातडी तुकतुकीत झालेली. पट्ट्यानं मारलं होतं. आईनं हळद-तेल गरम करून लावलं तर फुंकर घातली तरी ओरडायचे. त्यांनी तीन घरफोड्या कबूल केल्या होत्या. त्यातली एक झाली त्या रात्री ते दवाखान्यात ॲडमिट होते, हाताला टाके पडले होते, केसपेपर आमच्याकडे होता. पुढे सगळ्यांतून सुटले. पण चादरीच्या कारखान्यात मागावर उभं राहता येईना, काम गेलं. त्या चोऱ्या कुणी केल्या ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

सराफ
ताई, दुसरी बाजू पण ऐका. असा मार खाल्लेला माणूस कुठल्याही दुकानाचं नाव घेतो. मग पोलीस आमच्याकडे येतात, 'चोरीचं सोनं घेतलंस, पाच तोळे काढ, नाहीतर तुझ्यावरच गुन्हा लावतो.' मी एकदा घरातलं सोनं दिलंय. चोरीचा माल जप्त, फाईल बंद. ज्याची चोरी झाली त्याला माझं सोनं गेलं! वीस वर्षं दुकान आहे, कुणाकडे दाद मागायची? यावर कुणी धागा काढत नाही.

सेटलमेंटची लेक
तुमचं सोनं गेलं ते वाईटच झालं. पण कुठलंही नाव घेतो म्हणताना तो ते कशामुळे घेतो ते विसरू नका. तुमचे पाच तोळे आणि वडिलांचे पाय एकाच खोलीत गेले.

निवृत्त खाकी
सगळे पोलिसांना धोपटताय म्हणून बोलतो. 31 वर्षं नोकरी केली. दर महिन्याला क्राइम मीटिंग होते. अनडिटेक्ट गुन्ह्यांचा आकडा वाचला जातो, साहेब सगळ्यांसमोर लाज काढतात. डीबीला, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाला, माणसं चार, त्यातली दोन गड्ड्याच्या जत्रेच्या बंदोबस्तात, एक व्हीआयपीच्या मागे. लॅबचा रिपोर्ट महिनोन्‌महिने येत नाही. बारा-बारा तास ड्युटी, क्वार्टरचं छत गळतं. अशा माणसाला सांगता, शास्त्रीय तपास कर. पट्टा हाताशी असतो, लॅब नसते. मी समर्थन करत नाही, कारण सांगतोय.

कोर्टाबाहेरचा
काका, हे कारण मला मान्य आहे. पण तुम्ही हजर केलेल्या आरोपीला मॅजिस्ट्रेट विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?' तो आधी मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे बघतो, मग 'नाही' म्हणतो. कारण पीसीआर मिळाली तर त्याच शिपायाबरोबर परत जायचं असतं. अटक कशी करायची याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल 1996 चा आहे. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, सगळं त्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर आपण 1997 ला सही केली, अजून तो मंजूर केलेला नाही. 2010 ला विधेयक लोकसभेत पास झालं आणि पुढे बारगळलं.

विजापूर वेस
ताईंच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तशा गरिबाला मारू नये, हे मी मान्य करतो. पण तो घरफोडीचा संशय होता, हा 180 माणसांचा खून आहे. दोन्हींना एकच माप लावता?

सेटलमेंटची लेक
दादा, खून मोठा म्हणून मारायचं असेल तर आधी माणूस बरोबर आहे याची खात्री जास्त लागेल ना? ती खात्री मारण्याच्या आधी कुठून आणणार?

विजापूर वेस
मग माझ्या भावाला काय सांगू? केलं कुणी?

निवृत्त खाकी
ते तपासानंच कळलं असतं, आणि तपासाला माणूस लागतो. सप्टेंबर 2006 ला, त्या स्फोटांनंतर दोनच महिन्यांनी, प्रकाशसिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं, तपासाची माणसं आणि बंदोबस्ताची माणसं वेगळी करा. माझ्या निवृत्तीपर्यंत आमच्या ठाण्यात वेगळी झाली नव्हती. कॅमेरे लावायचा आदेश 2020 चा आहे. ठाण्याच्या दारात, लॉकअपसमोर लागले, डीबीच्या खोलीत मी पाहिला नाही. तिथेही लावा, माझी हरकत नाही. पण कॅमेऱ्याबरोबर माणसं आणि लॅबही द्या, नाहीतर ती खोली दुसरीकडे हलेल.

विजापूर वेस
डीबीच्या खोलीत कॅमेरा लावा, यावर सही करतो मी. फक्त तेवढ्यावरच. बाकी तुमचं एकही वाक्य मान्य नाही, वकीलसाहेब. सुप्रीम कोर्टात अपील आहे, तिथे बघू.

कोर्टाबाहेरचा
अर्ज मी लिहितो. आयुक्तालयात द्यायला तुम्ही बरोबर या.