आतापासूनच सासूची कामं घेऊ का? भारती आचरेकरांचं कसं झालं होतं?

वडसावाली
नमस्कार मंडळी. मी पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. दिवाळीची मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की आमचा सीझन सुरू. वय पंचविशीचं, पण मागच्या सीझनपासून मले सासू, मामी, भांडकुदळ शेजारीण असलीच कॉमेडीची कामं देतात. हिरोइनची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, माझ्यापेक्षा जास्त. पोस्टरवर तिचा फोटो हातभर, माझा पासपोर्टएवढा. नाटक मंडळीचं नाव सांगत नाही, उद्या तिथंच जायचं आहे.

आई टीव्हीवर 'वागले की दुनिया' पाहते. त्यातली आजी म्हणजे भारती आचरेकर, जुन्या वागलेमध्येपण ह्याच होत्या म्हणते. त्यांच्यावर असाच शिक्का बसला होता का? एकदा सासू झाली की बाई सासूच राहते का? कोणाला माहीत असेल तर सांगा न.

बल्लारशा_पॅसेंजर
हाव, त्याच. जुनी मालिका १९८८ची, दूरदर्शनवरची. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शाहचं दिग्दर्शन. अंजन श्रीवास्तव वागले आणि ह्या राधिका वागले. २०२१मध्ये सोनी सबवर नवीन सुरू झाली तेव्हा दोघंही त्याच नावानं परत आले, फक्त आता आजोबा-आजी. पोरगा राजेश आता सुमीत राघवन. जुन्यातल्या एका भागात शाहरुख खान पण होता, वागलेले गाडीनं उडवणारा. बाकी मास्तर सांगतील, ते ऑनलाइन दिसत आहेत.

ऑर्गनमास्तर
पोरी, मी ऑर्गनवर बसणारा माणूस. नटी कशी दिसते यापेक्षा कधी बोलते इकडे माझा कान असतो. त्या हिशोबानं लिहितो.

जुनं वागले लागायचं तेव्हा आमच्या गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीत. ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना फिरवायले एक पोट्टा कायमचा वर चढवलेला, आणि ऐन रंगात आलं की लाइट जाणार हे ठरलेलं. हिंदी सगळ्यांले समजे असं नाही, तरी बाया हसत. मी पाहिलं, वागले बोलताना बाया त्याच्याकडे पाहतच नव्हत्या, राधिकाकडे पाहत होत्या. नवरा साधा कारकून, काहीतरी मोठं बोलायचा, आणि ही हातातलं काम न थांबवता नुसती मान वळवायची. वाक्य त्याचं, हशा तिचा.

हे येतं कुठून? घर गाण्याचं. आई माणिक वर्मा, किराणा घराण्याच्या गायिका. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, त्यात त्या गायल्या. बहीण वंदना गुप्ते, त्यापण रंगभूमीवरच्या. ज्या घरात रोज तंबोरा लागतो तिथल्या पोरीले सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं आहे हे शिकवावं लागत नाही. विनोदाचं वाक्य समेवरच पडलं पाहिजे बाप्पा. अर्धी मात्रा आधी पडलं की आमच्या मंडपात हजार माणूस गप्प बसतो, मी पाहिलं आहे.

आता तुझा शिक्का. विजया मेहतांनी बसवलेल्या 'हमीदाबाईची कोठी'त भारतीताई होत्या. ते नाटक काही हसायचं नव्हे. आणि १९८६च्या 'चमेली की शादी'त ती अमृता सिंगची आई झाली. तेव्हा ती स्वतः काही म्हातारी नव्हती, तरी केलं, आणि दणक्यात केलं. पुढं 'सुमित संभाल लेगा'मध्ये सुनेच्या संसारात नाक खुपसणारी सासू. म्हणजे आई आणि सासू तिनं भरपूर केल्या, पण राधिकेची छाया चमेलीच्या आईवर नाही आणि चमेलीच्या आईची राधिकेवर नाही.

माझं सगळ्यात आवडतं काम म्हणशील तर २०१३चा 'द लंचबॉक्स'. त्यात ती दिसतच नाही! वरच्या मजल्यावरची देशपांडे आंटी, फक्त आवाज आणि दोरीनं खाली येणारी टोपली. नवरा वर्षानुवर्षं अंथरुणावर, पंख्याकडे टक लावून. हे ती भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं तसं सांगते. आपण हसतो आणि मग कसंतरीच होते.

तुझं काम मी वडशाले पाहिलेलं आहे. आवाज चांगला. पण तू टांगलेल्या माइकखाली धावत येते, वाक्य फेकते, मागं जाते आणि समोरचा बोलत असताना प्रॉम्प्टरकडे कान लावून उभी राहते. ते शेवटच्या रांगेलेपण दिसते. सासू घे, पण तिथं उभं राहून काय करते ते ठरव. एकीचा गुडघा दुखतो, एकीचं ध्यान सारखं चुलीवरच्या दुधाकडे. नाइटचं मात्र सीझनच्या आधीच बोलून घे. मधात बोललं तर कोणी ऐकत नाही.

धानाचा_बांध
मास्तर, मुंबईच्या बाईचं उदाहरण कायले देता? तिच्या घरी माणिक वर्मा होत्या. हिच्या घरी धानाची रोवणी. तिले टीव्ही मिळाला, हिले रात्रभर नाटक करून पहाटे ट्रॅक्टरवर परत यायचं.

ऑर्गनमास्तर
खरं आहे, नाही कुठं म्हणतो? मग आपल्यातलं घे. परशुराम खुणे, जन्मभर झाडीपट्टीत लोकांले हसवलं, २०२३मध्ये पद्मश्री. पण तिनं विचारलं बाईचं. हसवणाऱ्या बाईले आपल्याकडे पोस्टरवर किती जागा मिळते हे तिनंच वर लिहिलं आहे. आधी दंडारीत, म्हणजे आपल्या जुन्या लोकनाट्यात, तर बाईचं कामही माणसंच लुगडं नेसून करत. म्हणून मले वाटते, हिनं सासू सोडू नये.

वडसावाली
प्रॉम्प्टरचं वाचून आई फिदीफिदी हसली. ती म्हणते, घरीपण मी अशीच उभी राहते, कोणी बोललं की दुसरीकडे कान.
नाइटचं उद्या बोलते. काका, दुधाकडे ध्यान असलेली सासू घेते मी. पण त्या प्रवेशात तुम्ही ऑर्गन जरा हळू वाजवा, माझं वाक्य दबते.

ऑर्गनमास्तर
ते तबलजीले सांग.