मेन रोडजवळची १९३७ची ऑफिस-इमारत: वारसा म्हणून घरच्यांना काय सांगू?

रविवारकारंजा

नाशकात मेन रोडच्या एका बोळाच्या तोंडाशी आमची दुमजली इमारत आहे. आजोबांनी भागीदारीत बांधलेली. खाली दुकानं, वर वकील, विमा एजंट, एका अडत्याची कचेरी. कोपरा गोल, खिडक्यांवरून सलग फिरलेला छज्जा, कठड्यावर सिमेंटमध्ये काढलेलं १९३७. जिना मोझॅकचा. चुलत्यांना पाडून नवी बांधायची आहे. बिल्डर म्हणतो, हवं तर दर्शनी भिंत ठेवू. हा वाडा नाही, देऊळ नाही, कुणी थोर माणूस इथे राहिलेला नाही. तरी ती जाऊ नये असं मला फार वाटतं. घरात काय सांगू? आणि स्लॅबच्या सळया दिसायला लागल्यात, ती टिकेल का?

पंचवटीकर

भावना समजते, पण नाशकात सागवानी खांबांचे, कोरीव तुळयांचे वाडे पडतायत, तिथे सिमेंटच्या इमारतीसाठी कोण थांबणार? भिंत ठेवतोय म्हणतो तर घ्या पदरात.

जुना आरेखक

पंचवटीकर, वाड्यांचं दुःख मलाही आहे. उभा जन्म नाशकात इमारतींची मापं घेण्यात गेला. पण ही इमारत वाड्याच्या पुढची पायरी आहे, म्हणूनच ती हवी.

त्याआधी आपल्याकडे धंदा बहुतेक राहत्या घरातच चाले. ओसरीवर गादी-तक्क्या, पुढ्यात उतरतं मेज, मागे माजघर. पेढीवर येणारा माणूस कुणाच्या तरी उंबऱ्यात येत असे, आणि कुणाला कुठवर येऊ द्यायचं हे घर ठरवी. तुमच्या आजोबांनी जिथे कुणी राहणार नाही, फक्त काम होणार, अशी वास्तू बांधली. रस्त्यावरून थेट जिना, तळाशी नावांच्या पाट्या, वर भाड्याच्या खोल्या. कुळाला आपल्या कागदासाठी सरळ वकिलाच्या दारापर्यंत चढून जाता आलं. गावाच्या व्यवहारातला हा केवढा बदल! आणि तो त्या जिन्यात आहे, दर्शनी भिंतीत नाही.

आता साहित्य बघा. पहिल्या महायुद्धाआधी आपण सिमेंट मुख्यतः विलायतेहून आणत होतो. १९१४ला पोरबंदरचा कारखाना सुरू झाला, युद्धानंतर कारखाने इतके वाढले की आपसांतल्या चढाओढीत भाव कोसळले, आणि १९३६मध्ये बऱ्याच कंपन्या एकत्र येऊन एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज, झाली. तुमचा स्लॅब त्याच्या पुढच्याच वर्षातला. मोझॅकचंही तसंच, मुंबईत भारत टाइल्स १९२२मध्ये स्वदेशीच्या ओढीने निघाली. एखादी फरशी सुटलेली असेल तर उलटून पाहा, मागे कारखान्याची छाप असू शकते.

मुंबईला गेलात तर फोर्टात महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अॅश्युरन्स या विमा कंपनीची इमारत जरूर पाहा. १९३६ची, मास्टर, साठे आणि भुता या वास्तुरचनाकारांची. कंपनी १९१९मध्ये दोराबजी टाटांनी काढलेली. तिच्या अंगावर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया कोरल्या आहेत. आपल्या लोकांच्या भांडवलावर उभी राहिलेली कंपनी आपल्याच कष्टकऱ्यांना दारावर मान देते, हे पाहून मी दर वेळी थांबतो. तुमच्याकडे शिल्पं नसतील. पण गोल कोपरा, सलग छज्जा, उभ्या-आडव्या रेषा ही त्याच घराण्यातली, आर्ट डेको म्हणतात त्या शैलीतली. २०१८मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या परिसरातला गॉथिक आणि आर्ट डेको समूह जागतिक वारशात घेतला. त्यातल्या आर्ट डेको इमारती मुख्यतः राहत्या आणि सिनेमागृहं. नाशिकसारख्या गावातल्या त्या काळच्या कचेऱ्या कुणी नीट मोजलेल्यासुद्धा नाहीत.

म्हणून दर्शनी भिंतीच्या तडजोडीला माझा ठाम विरोध आहे. जिना, पाट्या आणि खोल्यांची मांडणी गेली की मागे फक्त १९३७ हा आकडा राहील.

सळई आणि सिमेंट

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, बहुतेक काम दुरुस्तीचं. सळया दिसतात म्हणजे इमारत संपली, असं नाही. त्या काळच्या सळया गुळगुळीत गोल, वरचं काँक्रीटचं आवरण पातळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो, सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा क्षारधर्म (अल्कली) कमी होतो आणि ओल मिळाली की सळई गंजते, फुगते, पापुद्रा पडतो. तपासणी सोपी आहे: ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन हे रंग दाखवणारं रसायन मारायचं. गुलाबी झालं तिथे क्षारधर्म शाबूत. रंग आला नाही तिथे संरक्षण गेलेलं. किती खोलवर गेलंय ते कळल्याशिवाय पाडायचं की राखायचं यावर कुणाचंही मत घेऊ नका.

आधी गच्ची बघा. गळतं म्हणून कोब्यावर कोबा चढवलेला असतो, ते वजन स्लॅब उगाच वाहतो. आणि सळयांवर नुसतं प्लास्टर थापू देऊ नका, आत गंज चालूच राहतो.

चुलत्यांसाठी आणखी एक. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा यादीतल्या इमारतीला न वापरता आलेल्या बांधकाम हक्काचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क, मिळण्याची तरतूद आहे. पैशाचं बोलणं तिथून सुरू करा.

रविवारकारंजा

टीडीआरचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. चुलते निदान तपासणीला तयार झालेत. जिन्याखाली जुन्या भाडेपावत्यांची ट्रंकही आहे, त्याचा काही उपयोग?

जुना आरेखक

फार मोठा! कोणत्या वर्षी कोणत्या खोलीत कोण होतं, ते त्यातून लागेल, आणि वारसा यादीसाठी अर्ज करताना तेच कामाला येतं. रद्दीत जाऊ देऊ नका. मापं घ्यायला मी येतो, फक्त वरच्या भाडेकरूंना आधी सांगून ठेवा.