विभाग बदलला, जुनी कामं मागे लागली – अनुभव धागा

बदलीचं पत्र एका दिवसात निघतं, पण जुन्या टेबलावरची कामं महिनोन्महिने पाठ सोडत नाहीत. ‘एवढं जरा बघून द्या’ म्हणणारे फोन, आपल्या नावावर अडलेल्या मंजुऱ्या, कुणाच्याच ताब्यात न दिलेल्या किल्ल्या. तुमच्या क्षेत्रात हे कसं निस्तरतात? नेमकं लिहा: काय, कधी, कुणाच्या सहीने.

लेखा विभाग

यादी आठवून करू नका. आठवून केलेल्या यादीत रोजची कामं येतात आणि वर्षातून एकदा येणारी नेमकी गळतात. मागच्या बारा महिन्यांच्या पाठवलेल्या मेल महिन्यागणिक वाचा. विम्याचं नूतनीकरण, ठेवींच्या मुदती, ऑडिटला द्यायची परिशिष्टं तिथे सापडतात. रकाने पाच पुरतात: काम, पुढची तारीख, फाइल कुठे आहे, कुणाकडे दिलं, अडलं तर कुणाला विचारायचं. ‘कुणाकडे दिलं’ इथे माणसाचं नाव हवं. नुसतं विभागाचं नाव लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही.

हाती रोकड असेल तर दोघांनी समोरासमोर मोजायची, कोणत्या नोटा किती ते लिहायचं आणि त्याच दिवशी कॅशबुकात दोघांनी सह्या करायच्या. ‘नंतर जुळवू’ म्हणून सोडलेली तूट जुन्या माणसाच्या नावावर चिकटते. अनामत आणि उचल खात्यांतल्या जुन्या, न सुटलेल्या नोंदींचं कारण प्रत्येकी एका ओळीत लिहून द्या. सर्वांत उशिरा येणारे फोन याच नोंदींबद्दल असतात.

एक्सेलच्या फाइली हलवताना बाहेरच्या फाइलींशी जोडलेली सूत्रं तुटतात. हलवल्यावर नव्या माणसाच्याच लॉगिनमधून फाइल उघडून आकडे ताजे होतात का ते बघा.

आयटी

वैयक्तिक खात्यावर काय काय चालतं ते आधी शोधा: क्रॉनटॅब आणि टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी साधनं), ठरावीक वेळी जाणारे रिपोर्ट, मंजुरीचे फ्लो, एपीआय टोकन (एका प्रणालीला दुसरीत शिरू देणारी डिजिटल किल्ली). खातं बंद झालं किंवा पासवर्ड बदलला की यातलं बरंच काही गपचूप बंद पडतं. चूक झाल्याची सूचनाही त्याच बंद खात्यावर जाते, म्हणून ते महिनाअखेरीला कळतं. ही कामं सर्व्हिस खात्यावर (कुणा एका माणसाचं नसलेल्या, फक्त प्रणालीच्या कामांसाठीच्या खात्यावर) हलवा, एकदा हाताने चालवून बघा, ठरलेल्या वेळी एकदा आपोआप चालू द्या, मग जुनी काढा.

ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो आणि नूतनीकरणाची सूचना कुणाच्या मेलवर जाते, हेही तपासा. सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्राची (वेबसाइटची ओळख पटवून जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची) कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासूनच्या प्रमाणपत्रांना ती २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. विसरलेलं प्रमाणपत्र पूर्वी वर्षभर तग धरायचं, यापुढे काही महिन्यांत आणि २०२९ नंतर काही आठवड्यांतच सेवा बंद पाडेल. सूचना सामायिक पत्त्यावरच हव्यात.

अंतर्गत लेखापरीक्षण

वरच्या ‘मग जुनी काढा’ला तारीख हवी. जुने अधिकार ‘असू देत, लागतील’ म्हणून राहतात आणि खरा धोका तिथून सुरू होतो. जुन्या विभागात पुरवठादाराची नोंद करण्याचा अधिकार होता, नव्यात बिल मंजूर करण्याचा मिळाला, तर एकच माणूस पुरवठादार उभा करून त्याला पैसे देऊ शकतो. हेतू स्वच्छ असला तरी उद्या गडबड निघाल्यावर उत्तरं त्यालाच द्यावी लागतात. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत काम बदलल्यानंतरच्या जबाबदाऱ्यांसाठी ६.५ हे स्वतंत्र नियंत्रणही आहे.

नोंद करण्याचे आणि मंजुरीचे अधिकार बदलीच्या दिवशीच काढून घ्यायला सांगा. फक्त वाचण्याचे अधिकार ३० दिवस ठेवा आणि शेवटची तारीख अर्जातच लिहा. रांगेत पडलेल्या मंजुऱ्या एकतर त्याआधी निकाली काढा, नाहीतर परत पाठवा.

देखभाल, कारखाना

तीन गोष्टी कागदावर द्या. तुमच्या नावाची लॉकआउटची कुलपं (दुरुस्ती चालू असताना यंत्र कुणी सुरू करू नये म्हणून लावलेली) आणि टॅग यंत्रावर राहिले असतील तर ते स्वतः जाऊन काढा, किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन भागत नाही. काम अपुरं असेल तर तुमचं कुलूप निघण्याआधी नव्या माणसाचं लागलं पाहिजे. तात्पुरते बायपास केलेले इंटरलॉक (धोका असताना यंत्र चालू न देणारी सुरक्षा-व्यवस्था) कुठे आहेत, कुणाच्या परवानगीने आणि कधीपर्यंत, हे लिहा. हे फक्त तोंडी राहिलं तर जीवावर बेतू शकतं. तिसरी गोष्ट सुट्या भागांची: कोणता भाग मागवल्यावर किती आठवड्यांनी येतो.

मनुष्यबळ

कागद सगळे देऊनही फोन थांबत नाहीत, कारण काम दिलं जातं पण निर्णय दिला जात नाही. माहिती तुम्ही सांगा, निर्णय नव्या माणसाने घ्यायचा. ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे वाक्य टाळाच. ते एकदा कानावर पडलं की लोक नव्या माणसाला वगळून तुमच्याकडे येतात. कुणी थेट विचारलं तर उत्तर नव्या माणसाला पाठवा, विचारणाऱ्याला प्रत द्या आणि तेच सामायिक फाइलमध्ये टाका. तोच प्रश्न पुन्हा येत नाही.

वेळेचं दोन्ही साहेबांसमोर ठरवा, लेखी. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास, पुढचे दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग बंद. निव्वळ तोंडी ठरलं तर नव्या साहेबांना तुमचा अर्धा दिवस कुठे जातो ते दिसत नाही आणि मूल्यमापनात ते तुमच्याच खात्यावर पडतं. जुन्या टीमची मूल्यमापनं निघण्याआधी लिहून द्या, सहा महिन्यांनी तपशील आठवत नाहीत.

प्रकल्प कार्यालय

आणि नवा माणूस नेमलेलाच नसेल तर? सर्वाधिक भिजत घोंगडी याच प्रकारात. कार्यभार जुन्या साहेबांच्या नावे द्या आणि यादीतल्या प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक लिहून घ्या: अमुक माणसाकडे, थांबवलं, किंवा अमुक तारखेपर्यंत तुमच्याकडे. तिसऱ्या प्रकारात दोन-तीनच कामं ठेवा. ती तारीख उलटायच्या आठवडाभर आधी एक मेल जाऊ द्या: कोणतं काम कोणत्या दिवशी थांबेल आणि थांबल्यावर पहिला फटका कुणाला बसेल. ज्याला फटका बसणार त्याला प्रत पाठवायला विसरू नका. नेमणुकीचा पाठपुरावा मग तोच करतो.