लाखोळीनं पाय जातात, हे सुश्रुतानं लिहून ठेवलंय का?

बांधीवाला, साकोली
नमस्कार जी. धान कापायच्या आधी आम्ही उभ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळी हे कडधान्य फेकतो. आहे त्या ओलीवरच येते, ना नांगर ना पाणी. माय कोवळे शेंडे खुडून भाजी करते, डाळ निघाली की वडे. पण माझा आजा लाखोळीला हात लावत नव्हता. त्याचा काका दुष्काळात पायानं अधू झाला. काठी टेकून, गुडघ्याला गुडघा घासत चालायचा म्हणे. 'घरात दुसरं काही नव्हतंच,' एवढंच आजा सांगे. परवा एक वैद्य बोलला, हे सुश्रुतसंहितेत आहे. खरं काय जी?

जुनी पोथी
आहे. निदानस्थान, पहिला अध्याय, वातव्याधी. रोगाचं नाव कलायखंज. चालायला लागला की थरथरतो, लंगडत जातो, सांध्यांची बांधणी सैल पडलेली. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचं कडधान्य, खंज म्हणजे लंगडा. गंमत अशी की श्लोकात लक्षणंच आहेत, कारण फक्त नावात. ते उघड लिहिलं सोळाव्या शतकातल्या भावमिश्र या वैद्यानं. भावप्रकाश या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, त्रिपुट माणसाला लंगडा-पांगळा करतो. त्रिपुट म्हणजे खेसारी, म्हणजे तुमची लाखोळीच. दाणा तळहातावर घेऊन बघा, पाचरीसारखा कोनेदार. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेट्सच्या नावावरच्या ग्रंथांतही ऐनॉस या ग्रीक गावची माणसं सतत कडधान्य खाऊन पायांनी दुबळी झाल्याची नोंद आहे.

धानपट्टा
त्यातलं विष म्हणजे ओडॅप. 1964 साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. वरणभातासोबत कधीमधी खाल्ली तर बहुधा काही होत नाही. दोन-तीन महिने मुख्य जेवण तेच झालं की धोका, म्हणून हा रोग दुष्काळात दिसतो. गेलेली ताकद परत येत नाही. महाराष्ट्रात 1961 पासून विक्रीवर बंदी होती, 2008 मध्ये उठली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की ओडॅप बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. कोवळ्या पानांतही असतं बरं का, रोज भाजी नको.

बांधीवाला, साकोली
मायला विचारलं. वड्याच्या डाळीचं पाणी ती फेकतेच, पण उग्र वास जावा म्हणून. भावमिश्राचं सांगितलं तर म्हणते, तो कोन्या गावचा?